मार्कोवा : पोलंडमधलं एक गाव आणि जर्मन ताब्यातली पाच वर्षं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी क्राकूफला नोकरीला आहे आणि दोनदा मार्कोवाला जाऊन आलोय. ज्यूंना घरात लपवलं म्हणून १९४४ मध्ये जर्मन पोलिसांनी उल्मा नावाचं अख्खं कुटुंब मारलं, ते हे गाव. पहिल्यांदा फोटो टाकले तेव्हापासून मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथं लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी फक्त लिंक देईन, राग मानू नका.

हे गाव नक्की आहे कुठं?

पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात. मोठं शहर म्हणजे झेशूफ, तिथून पूर्वेला वाइन्त्सुत नावाचं तालुक्याचं गाव, आणि तिथून आणखी आठ-दहा किलोमीटरवर मार्कोवा. वाइन्त्सुत लिहिताना पहिलं अक्षर ‘ल’सारखं दिसतं पण त्याच्या पोटातून तिरकी रेघ जाते आणि मग त्याचा ‘व’ होतो, त्यामुळं नकाशात शोधताना फसायला होतं. मी तिकीट काढताना ‘लांकट’ म्हणालो होतो, खिडकीवरच्या बाईंनी मला दोनदा विचारलं.

गाव लांबच लांब आहे. आपल्या कोकणात एका रस्त्याला धरून वाडी पसरते ना, तसं ओढ्याच्या दोन्ही अंगाला घरं आणि घरामागं पट्ट्यापट्ट्यांची शेतं.

गाव किती जुनं? आणि लोकांची आडनावं जर्मन वाटतात ती का?

चौदाव्या शतकात वसलंय. त्या वेळी या भागातल्या जमीनदारांनी जंगल तोडून शेती करायला जर्मन भाषिक लोक आणून बसवले. दोनतीनशे वर्षांत ते भाषेनं, चालीरीतीनं पूर्ण पोलिश झाले, फक्त आडनावं राहिली. उल्मा, बार, शिलार, श्पित्मा. म्हणजे १९४४ मध्ये जर्मन पोलिसांनी ज्यांना मारलं त्यांचे खापरपणजोबांचेही खापरपणजोबा कदाचित जर्मनच बोलत असतील. यातून काही सिद्ध करायचं नाहीये, पण डोक्यातून जात नाही हे खरं.

१७७२ पासून १९१८ पर्यंत हा भाग ऑस्ट्रियाच्या राज्यात होता, नाव गॅलिशिया, आणि गॅलिशियाची ओळख काय तर दारिद्र्य. जमिनीचे तुकडे पडत पडत एवढेसे झालेले, पोरं अमेरिकेला निघून जायची.

मग मागासलेलं गाव असणार?

इथंच बहुतेक जण चुकतात, आणि मला या गावाबद्दल सगळ्यात जास्त हेच सांगायचं असतं. युद्धाआधीची वीस वर्षं मार्कोवा भलतंच जागं गाव होतं. शेतकऱ्यांच्या तरुण पोरांची ‘विची’ नावाची चळवळ इथं जोरात, सहकाराचं वेड, वाचनालय, नाटकं. शेजारच्या गाच गावात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी लोकविद्यापीठ चालायचं, शेतीबरोबर गाणी, इतिहास, बोलायचं कसं हे सगळं शिकवणारं. आणि १९३० च्या दशकात मार्कोवात गावकऱ्यांनी वर्गणी काढून आरोग्याची सहकारी सोसायटी काढली, पोलंडच्या खेड्यांतली पहिली. सभासद शेतकरी, डॉक्टर पगारी. आपल्याकडं साखर कारखाना, दूध डेअरी, पतसंस्था सगळं सहकारात बघितलेल्या माणसाला हे वाचून घरच्यासारखं वाटतं, मला तरी वाटलं.

युद्धाआधी लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपास आणि त्यातले साधारण १२० ज्यू. दुकानदार, गुरांचे व्यापारी, थोडे शेती करणारे. शाळा एकच. सगळं गोडीगुलाबीनं चालायचं असं नाही, पण एकमेकांची नावं, गायी, उधाऱ्या सगळ्यांना पाठ. हे पुढं लक्षात ठेवा, कारण कोण कुठं लपला असेल याचा अंदाज गावाला असतोच, आणि हीच गोष्ट वाचवणारी पण ठरली आणि मारणारीपण.

जर्मन आले कधी? आणि रशियन नाही आले का?

१ सप्टेंबर १९३९ ला हल्ला झाला आणि त्याच महिन्यात हा भाग जर्मनांकडं गेला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य घुसलं आणि दोघांनी देश मधोमध वाटून घेतला. या पट्ट्यात सीमा ठरली सान नदी, ती मार्कोवाच्या पूर्वेला. जर्मनांनी आपल्या वाट्यातला काही भाग सरळ जर्मनीला जोडला आणि उरलेल्याचं ‘जनरल गव्हर्नमेंट’ नावाचं राज्य केलं, कारभारी हान्स फ्रांक, मुक्काम क्राकूफच्या किल्ल्यात. मार्कोवा यात.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला जे पोलिश लोक राहिले ते इथलेच का?

हा प्रश्न फक्त मराठी लोकच विचारतात आणि मला तो फार आवडतो. उत्तर : सहसा नाही. वळिवड्याच्या कॅम्पात १९४३ ते १९४८ या काळात साधारण पाच हजार लोक राहिले, बहुतेक बायका-पोरं, पण ते सीमेच्या पलीकडचे, सोव्हिएत वाट्यातले. त्यांना १९४०-४१ मध्ये मालगाड्यांत घालून सायबेरिया-कझाकस्तानकडं हाकललं, मग हिटलरनं रशियावरच हल्ला केल्यावर सुटका झाली आणि इराणमार्गे आपल्याकडं आले. म्हणजे नदीच्या कुठल्या अंगाला तुमचं घर पडलं यावर तुम्ही सायबेरिया बघणार, पंचगंगा बघणार की घरातच बसून जर्मन बघणार हे ठरत होतं. मार्कोवावाल्यांनी जर्मन बघितला.

ताबा म्हणजे रोजच्या जगण्यात काय? गावात सतत सैनिक फिरायचे का?

नाही, आणि पिक्चर बघून बघून हाच मोठा गैरसमज झालाय. खेड्यात जर्मन माणूस क्वचित दिसायचा. वाइन्त्सुतला जर्मन सशस्त्र पोलिसांचं ठाणं होतं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, ते हवं तेव्हा गाड्या घेऊन यायचे. बाकी कारभार गावातल्याच माणसांकडून करून घ्यायचे. सोवतिस म्हणजे गावचा मुखिया, आपल्या पोलीस पाटलासारखा समजा, त्याच्याकडं हुकूम यायचा आणि तो राबवायचा. अग्निशमन दलाची गावातली पोरं, रात्रीचे जागले, हे पण त्याच यंत्रणेला जुंपलेले. शिवाय निळ्या गणवेशातले पोलिश पोलीस, युद्धाआधीचेच, आता जर्मनांच्या हाताखाली. आणि वरून गावातले काही जण नावानिशी ओलीस धरलेले, काही झालं तर यांच्या माना जातील असं सांगून ठेवलेलं.

मग कोटा. धान्य, बटाटे, दूध, मांस, प्रत्येक शेतकऱ्यानं किती द्यायचं हे ठरलेलं. गायीडुकरांच्या कानात नंबराचे बिल्ले ठोकले, लपवून डुक्कर कापलं तर थेट छळछावणीची भीती. गिरण्यांवर पहारा, घरातली जाती जप्त. तर बायका रात्री खड्ड्यात पुरून ठेवलेलं जातं काढून, खिडकीला घोंगडी लावून दळायच्या. कोटा पूर्ण केला की बक्षीस काय, तर साखर, रॉकेल आणि व्होडका. व्होडका मुद्दाम.

शाळा फक्त प्राथमिक आणि कामधंद्याच्या, इतिहास-भूगोल बंद, कॉलेजं बंद. तरुणांना पकडून जर्मनीत शेतावर-कारखान्यात मजुरीला पाठवायचे आणि छातीवर ‘पी’ अक्षराचा पिवळा चौकोन शिवायला लावायचे. दुसऱ्या बाजूला गुप्त शाळा, गुप्त वर्तमानपत्रं आणि शेतकऱ्यांच्या चळवळीतून निघालेल्या भूमिगत तुकड्या हेही चालूच होतं.

ज्यूंना लपवलं तर काय शिक्षा?

मृत्यू. १५ ऑक्टोबर १९४१ ला फ्रांकनं फतवा काढला : नेमून दिलेल्या वस्तीबाहेर सापडलेला ज्यू मरणार आणि त्याला जाणूनबुजून आसरा देणारापण मरणार. प्रत्यक्षात बऱ्याचदा अख्खं घर मारलं जायचं, लहान पोरांसकट. १९४२ च्या उन्हाळ्यात या भागातले ज्यू पेवकिन्येच्या छावणीत गोळा केले आणि तिथून बेवझेत्सच्या मृत्युछावणीत विषारी वायूनं मारायला नेले. जे पळाले ते रानात, ओघळींत, ओळखीच्यांच्या माळ्यावर.

डिसेंबर १९४२ मध्ये काय झालं? यावर कोणी बोलत का नाही?

बोलतात, पण हळू आवाजात. १३ डिसेंबरला सोवतिसला हुकूम आला की गावात लपलेले ज्यू शोधून काढा. आणि शोध घेतला गावातल्याच माणसांनी, अग्निशमन दलाच्या पोरांना बरोबर घेऊन. काही नुसते हातात काठी घेऊन फिरल्यासारखं करून परत आले, काहींनी मात्र खरंच शोधलं. साधारण पंचवीस जण धरले गेले, रात्रभर गावच्या कोठडीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी जर्मनांनी गावाबाहेरच्या जुन्या खंदकात गोळ्या घातल्या. त्या खंदकात एरवी मेलेली ढोरं पुरायचे.

त्यात एक आई आणि तिच्या तीन मुलीही होत्या. ओढ्याकाठच्या घळईत जमिनीत खोदलेल्या खोपटात त्या राहायच्या आणि ते खोपटं बांधायला मदत करणारा माणूस म्हणजे युझेफ उल्मा.

हे मी उल्मांच्या गोष्टीआधी सांगतोय ते मुद्दाम. आधी उल्मा सांगितले की लोक तिथंच डोळे पुसतात आणि हे राहूनच जातं.

युझेफ उल्मा कोण?

जन्म १९००, शेती थोडी, डोक्यात उद्योग हजार. गावात फळझाडांची रोपवाटिका काढली, मधमाश्या पाळल्या, तुतीवर रेशीमकिडे पाळले. १९३३ मध्ये जवळच्या प्शेवोर्स्क गावातल्या कृषी प्रदर्शनात रेशीमकिड्यांसाठी आणि स्वतःच्या डिझाइनच्या मधपेट्यांसाठी बक्षीस मिळालं. घरी छोटी पवनचक्की बसवून दिवा पेटवला, गावात वीज यायच्या कितीतरी आधी. वाचनालय सांभाळायचा. आणि फोटो काढायचा, खूप फोटो : लग्नं, कापणी, शाळेचे ग्रुप, बायको अंगणात पोरांना जेवू घालतेय, एक पोरगं वहीत लिहितंय. आज आपल्याला हे गाव चेहऱ्यानिशी माहितीये ते याच्याच कॅमेऱ्यामुळं.

बायको विक्तोरिया, त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, गाचच्या लोकविद्यापीठात शिकायला गेलेली. लग्न १९३५. पोरं सहा : स्तानिस्वावा, बार्बारा, व्वादिस्वाव, फ्रान्चिशेक, आन्तोनी, मारिया. १९३८ मध्ये त्यांनी पूर्वेकडं सोकालजवळ पाच हेक्टर चांगली काळी जमीन घेतली होती, तिकडं जायचं ठरत होतं. युद्ध आलं आणि राहिलं. हा ‘राहिलं’ मला फार छळतो.

त्यांच्या घरात कोण लपलं होतं?

आठ जण. वाइन्त्सुतचा गुरांचा व्यापारी साउल गोल्डमान आणि त्याची चार मोठी मुलं, शिवाय मार्कोवातल्याच दोन बहिणी, गोल्डा आणि लेआ, आणि लेआची छोटी मुलगी. सगळे माळ्यावर झोपायचे. घर गावाच्या कडेला होतं पण आठ माणसं वाढली की ते दिसतंच की हो, पीठ जास्त लागतं, धूर जास्त निघतो. गोल्डमानची मुलं युझेफला कातडी कमवायला मदत करायची, म्हणजे दिवसा खाली यायची. दीडेक वर्ष असं चाललं.

उल्मांच्या घरातलं बायबल गावातल्या म्युझियमशी जोडलेल्या वस्तूंतलं सगळ्यांत प्रसिद्ध. दयाळू शोमरोनीच्या, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या गोष्टीचं शीर्षक लाल रंगानं अधोरेखित केलंय आणि बाजूला पोलिशमध्ये एकच शब्द लिहिलाय, ‘ताक’. म्हणजे ‘हो’.

२४ मार्च १९४४ ला नक्की काय झालं?

पहाटे उजाडायच्या आत वाइन्त्सुतहून घोडागाड्या आल्या. गाडीवान गावोगावचे वेठीला धरलेले पोलिश, त्यामुळं पुढं साक्षीदार मिळाले. पाच जर्मन, त्यांचा अधिकारी लेफ्टनंट आयलर्ट डीकेन, आणि काही निळे पोलीस. आधी झोपेतच गोल्डमानची दोन मुलं आणि गोल्डा, मग उरलेले ज्यू. मग युझेफ आणि विक्तोरियाला घराबाहेर आणून मारलं. गाडीवानांना जबरदस्तीनं बघायला लावलं, म्हणजे लपवणाऱ्यांचं काय होतं ते गावाला कळावं. विक्तोरियाचे दिवस भरत आले होते. पोरं ओरडत होती. पोरांचं काय करायचं यावर जर्मनांची आपसात चर्चा झाली आणि डीकेननं ठरवलं. मोठी मुलगी सात वर्षांची, धाकटी दीडची.

सोवतिसला खड्डे खणायला माणसं घेऊन बोलावलं होतं. तो डीकेनला ओळखत होता, त्यानं विचारलं पोरं का मारली. उत्तर आलं, गावाला त्यांचा ताप नको म्हणून.

मग लूट. गाद्या, भांडी, कातडी, एवढी की आणखी गाड्या मागवाव्या लागल्या. जागेवरच व्होडका मागवून प्यायले. माळ्याखाली एक फोटो पडलेला सापडला, वरून गळालेल्या रक्ताचे थेंब उडालेला. फोटो दोन ज्यू बायकांचा. आजही आहे तो.

कळवलं कोणी?

संशय एका निळ्या पोलिसावर, वाइन्त्सुतचा व्लोजिमेश लेश. गोल्डमान कुटुंबाचं सामानसुमान त्यानं ठेवून घेतलं होतं, सुरुवातीला मदतही करायचा, मग परत द्यायची वेळ आली तेव्हा फिरला. माणसंच राहिली नाहीत तर मागणार कोण, असा हिशेब. भूमिगत संघटनेनं सप्टेंबर १९४४ मध्ये त्याला मारलं.

कोणाला शिक्षा झाली?

एकाला. योझेफ कोकोट, तेव्हा विशी-पंचविशीचा, पोरांपैकी तीनचार जण त्यानंच मारले असं साक्षीदार सांगतात. तो चेकोस्लोव्हाकियात सापडला, १९५८ मध्ये झेशूफला खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, ती कमी होऊन जन्मठेप, मग पंचवीस वर्षं. १९८० मध्ये तुरुंगातच मेला. आणि डीकेन? तो युद्धानंतर जर्मनीत पुन्हा पोलिसातच नोकरीला लागला, १९६० मध्ये मेला. त्याच्यापर्यंत खटला पोचलाच नाही. यावर मी काय लिहू.

यानंतर घाबरून बाकीच्यांनी आपल्याकडचे ज्यू हाकलून दिले असतील ना?

मी पण तेच धरून चाललो होतो. पण नाही. शिलार कुटुंबाकडं सात जण होते, बार कुटुंबाकडं पाच, आणखीही काही घरं. एकूण वीसच्या आसपास ज्यू मार्कोवात युद्ध संपेपर्यंत जिवंत राहिले. उल्मांचं काय झालं हे दुसऱ्या दिवशी गावात प्रत्येकाला माहीत होतं, आणि तरीही त्यानंतर चार महिने रोज माळ्यावर जेवणाची बादली जात राहिली, जुलैच्या शेवटी सोव्हिएत सैन्य येईपर्यंत.

आणि एक. मारल्यावर आठवड्याभरात काही गावकरी बंदी मोडून रात्री उल्मांच्या घराकडं गेले, खड्डा उकरला, मृतदेह पेट्यांत ठेवून परत पुरले. तेव्हा त्यांना दिसलं की विक्तोरियाचं बाळंतपण सुरू झालेलं होतं.

मग गाव चांगलं होतं की वाईट? एका वाक्यात सांगा.

नाही सांगणार. पोलंडमध्ये यावर राजकारण जोरात चालतं, एका बाजूला फक्त उल्मा दाखवायचे असतात आणि दुसऱ्या बाजूला फक्त डिसेंबरचा शोध. लपवणारे आणि शोधणारे रविवारी एकाच चर्चमध्ये बसायचे, काही वेळा एकाच आडनावाचे असायचे. ज्याला एक वाक्य पाहिजे त्यानं दुसरं गाव शोधावं.

ते ‘संत’ झाले म्हणतात ते काय?

संत नाही, त्याच्या आधीची पायरी, ‘धन्य’. १० सप्टेंबर २०२३ ला मार्कोवातच मोठा सोहळा झाला. अख्खं कुटुंब एकदम, पोटातल्या बाळासकट, असं पहिल्यांदाच. बाळाचा बाप्तिस्मा झालेला नसताना कसं, असा प्रश्न आला तेव्हा व्हॅटिकननं सांगितलं की ते आई मारली जाताना जन्मलं आणि त्याचा बाप्तिस्मा रक्तानं झाला असं धरलंय. त्याआधी १९९५ मध्ये याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू हत्याकांड स्मारक संस्थेनं युझेफ-विक्तोरियाला ‘राष्ट्रांमधले नीतिमान’ हा, ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यूंसाठीचा सन्मान दिला होता. २०१८ पासून २४ मार्च पोलंडमध्ये ज्यूंना वाचवणाऱ्या पोलिश लोकांचा राष्ट्रीय स्मरणदिन आहे.

बघायला जायचंय, काय काय आहे?

विमानानं झेशूफ, नाहीतर क्राकूफहून ट्रेननं वाइन्त्सुत आणि पुढं टॅक्सी करा, बसचा भरवसा धरू नका, रविवारी तर नाहीच. वाइन्त्सुतला पोटोत्स्की सरदारांचा वाडा आहे, तो संध्याकाळसाठी ठेवा. म्युझियम २०१६ मध्ये उघडलं, गंजक्या रंगाची पाचरीसारखी इमारत, आत मधोमध उल्मांच्या घराच्या मापाची काचेची खोली. बाहेर भिंतीवर वाचवणाऱ्यांची नावं. जवळच गावाचं जुन्या घरांचं खुलं संग्रहालय आहे, लाकडी घरं, गवताची छपरं, जाती पण आहेत, ती नक्की बघा, कारण त्यांच्याशिवाय बाकीचं सगळं हवेत राहतं.

उल्मांना जानेवारी १९४५ मध्ये गावच्या दफनभूमीत आणलं. माळ्यावरचे आठ जण मात्र तिथं नाहीत. त्यांना १९४७ मध्ये काढून याग्येवाच्या दफनभूमीत नेलं, ती प्शेवोर्स्कच्या पलीकडं, वेगळी वाट आहे. मी पहिल्या खेपेला तिकडं गेलोच नाही, मला माहीतच नव्हतं. टॅक्सीवाल्याशी आधीच बोलून ठेवा, तो परत यायला थांबेल असं ठरवा.